माडीवरची म्हैस

माणसं घर सोडून गावाला निघतात ती देवदर्शनाला, लग्नाला, नाहीतर कुणाच्या दहाव्याला. आम्ही दोघी जळगावहून धुळ्याला गेलो त्या म्हैस बघायला. तुम्ही म्हणाल, जळगावात काय म्हशींचा दुष्काळ पडला होता? मुळीच नाही. गल्लीच्या तोंडाशीच गवळ्याचा गोठा होता, येता-जाता शेपट्यांचे फटकारे आम्ही खात होतो. पण त्या सगळ्या म्हशी जमिनीवरच्या. आम्हाला बघायची होती ती माडीवरची.

हे कळायचं तर आधी आमचा ओटा कळायला हवा.

साठ-सत्तरच्या दरम्यानची ती वर्षं. जुन्या जळगावात द्वारकाअक्काच्या घरापुढं लांबच लांब दगडी ओटा होता. दुपारची जेवणं उरकली, पुरुष आपापल्या कामाला गेले, की आम्ही चौघी तिथं जमायचो. द्वारकाअक्का थोरली, अंगानं आणि अधिकारानंही. समोरच्या घरातली ताराबाई तोंडानं फटकळ. सुमन सगळ्यांत धाकटी. आणि चौथी मी, इंदू. पुढ्यात सुपं, सुपात ज्वारी, आणि ज्वारीपेक्षा जास्त निवडलं जायचं ते आमचं बोलणं. कारण ओट्याचा नियमच होता, रोज प्रत्येकीनं एक नवल आणायचं.

नवल म्हणजे दोन डोक्यांचं वासरू असलं काही नाही हो. आपल्या रोजच्या जगण्यातलं, पण आजवर कुणाच्या ध्यानात न आलेलं. ताराबाईनं एकदा आणलं होतं, की बकरी भिंतीवरचे निवडणुकीचे कागद खाते, पण खळ गव्हाच्या पिठाची असेल तरच. दुसरी कसली असली तर नुसता वास घेऊन पुढं जाते. सुमनचं होतं, की शेजारची मांजर गाणं ऐकायला रेडिओवर बसत नाही, रेडिओ वरून ऊन होतो म्हणून बसते. माझं गाजलेलं नवल म्हणजे आमचे हे घोरत असताना रेडिओ लावला की घोरणं थांबतं, आणि बंद केला की तिथूनच पुढं सुरू होतं. हे मी पाच वेळा करून पाहिलं. सहाव्या वेळी हे जागे झाले.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे, ही मुख्य अट. जिच्या घरी जेवलो तिची साक्ष द्यायची नाही, ही दुसरी. ऐकीव नवल आणणारीला, आणि थाप मारणारीला तर नक्कीच, ओट्याखालच्या पायरीवर बसून चौघींची ज्वारी निवडावी लागे. न्याय द्वारकाअक्काचा. त्यावर अपील नाही.

सुमनच्या नवऱ्याची धुळ्याला बदली झाली आणि ती होळीच्या सुमाराला गेली. दीडेक महिन्यानं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. माहेर आमच्याच गल्लीत. लिंबाला झोके बांधलेले, पोरींची गाणी चाललेली, पण ही बया ओढ घेतल्यासारखी थेट ओट्यावर. बसायच्या आधीच म्हणाली, "अक्का, असं नवल आणलंय की तुम्ही सुपं खाली ठेवा."

आम्ही ठेवली.

"आमच्या घरासमोर एका शेठजींचं घर आहे. त्यांच्या माडीवर म्हैस राहते."

"राहते म्हणजे?" ताराबाईनं विचारलं.

"राहते म्हणजे राहते. सकाळी मी खिडकी उघडली की तिच्या खिडकीत ती असते. रवंथ करत माझ्याकडे बघते."

"जिना चढून गेली?"

"जिना नाहीच. शिडी आहे. माणसं शिडीनं जातात."

द्वारकाअक्का इतका वेळ गप्प होती. ती गप्प असली की समजावं, आता काहीतरी येतंय. "दूध देते का गं?"

"देते की! धारेचा आवाज ऐकू येतो."

"म्हणजे व्यालेली आहे."

"असेल."

"मग रेडाही शिडीनंच वर गेला होता का?"

काय सांगू! ताराबाईच्या सुपातली ज्वारी रस्त्यावर गेली. मी पदर तोंडात कोंबला. सुमन लाल झाली. तिला तरी काय ठाऊक, नव्या गावात दीड महिना झालेला, शेठजींच्या घरी विचारलं तर तेही नुसते हसले होते. द्वारकाअक्कानं बोटानं पायरी दाखवली.

सुमन उभीच राहिली. म्हणाली, "तिथं मला कुणी ओळखीचं नाही. दिवसभर भिंतींशी बोलते. ओट्यावर सांगायला म्हणून एकेक गोष्ट जपून ठेवली होती मी. खोटी म्हणून पायरीवर बसवणार असाल, तर मी पुन्हा या ओट्यावर यायची नाही."

आणि गेली. आम्हाला वाटलं, दोन दिवसांचा रुसवा. पण ती दिवाळीलाही आली नाही.

सुमन नसली की ओटा कसा होतो ते तेव्हा कळलं. ताराबाईची नवलं शिळी व्हायला लागली, माझीही. द्वारकाअक्का कशालाही "हं" म्हणायची. संक्रांत झाली तेव्हा मी म्हणाले, "अक्का, आपण जाऊन बघून येऊ."

"आणि म्हैस नसली तर?"

"तर सुमनच्या बदली मी पायरीवर. कायमची."

"आणि असली तर?"

"तर तुम्ही याच ओट्यावर सांगायचं, सुमन खरी आहे म्हणून. आणि तिला हाताला धरून इथं बसवायचं."

द्वारकाअक्कानं सूप झटकलं. "एस.टी. किती वाजता असते?"

घरी सांगितलं, सुमनकडे हळदीकुंकू आहे. हे म्हणाले, "हळदीकुंकवाला धुळ्याला? जळगावचं कुंकू संपलं काय?" मी म्हटलं, "तिथलं जास्त लाल असतं." पुढं त्यांनी विचारलं नाही.

जळगाव ते पारोळा

जिला खोटी ठरवली तिच्याकडे जाताना द्वारकाअक्कानं काय काय घ्यावं? भरताची हिरवी वांगी पिशवीभर, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा, केळ्यांच्या दोन फण्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी म्हटलं, "अक्का, भांडायला निघालोय ना आपण?" तर म्हणते, "भांडायचं ते तोंडानं. हात रिकामे कशाला न्यायचे?"

गिरणेचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. हंगाम कापसाचा. गाड्यांमागून गाड्या चाललेल्या, कापूस बाजूंनी ओथंबलेला, बैलांच्या पाठीसुद्धा पांढऱ्या झालेल्या. रस्त्याकडेच्या बाभळींनी त्या गाड्यांना ओरबाडून चिमूट चिमूट कापूस काट्यांत अडकवून ठेवलेला. दुरून वाटावं, बाभळीला मोगरा आलाय.

मी बघत बसले आणि एरंडोलच्या अलीकडे एकदम ध्यानात आलं. "अक्का, कापूस एकाच बाजूच्या बाभळींना आहे."

"दुसऱ्या बाजूला वारा नसेल."

"वाऱ्याचा काय संबंध? भरल्या गाड्या या कडेनं जिनिंगच्या कारखान्याकडे जातात. त्या कडेनं रिकाम्या परत येतात. त्या बाभळींना काय मिळणार?"

अक्कानं या खिडकीतून पाहिलं, मग एका फेटेवाल्या आबांच्या मांडीवरून वाकून पलीकडच्या खिडकीतून पाहिलं. आबांनी अंग चोरलं. परत बसत म्हणाली, "चांगलं आहे." द्वारकाअक्काचं 'चांगलं आहे' म्हणजे दुसऱ्यांची आरती समजा.

पारोळा

पारोळ्याला गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, चहा घ्या. आम्ही उतरलो. चहाच्या दुकानामागं किल्ल्याचा बुरूज दिसत होता आणि बुरुजावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. ती एवढ्या उंच नेली कशी, यावर आमची चर्चा रंगली. चर्चा संपली तेव्हा चहा निवला होता आणि गाडी गेली होती.

गाडीत पिशवी होती. वांगी धुळ्याला निघाली, आम्ही पारोळ्यात.

द्वारकाअक्का रस्त्यावर उभी राहून धुळीच्या लोटाला म्हणाली, "अरे माझी वांगी!" धूळ काय उत्तर देणार? पुढच्या गाडीची वाट बघत बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून तिथंच शेवभाजी मागवली. बायका हॉटेलात बसून जेवतात हे त्या दुकानदारालाही नवल आणि आम्हालाही. त्यानं आम्हाला आतल्या बाजूला गोणपाट आडवं टांगून बसवलं. भाजी अशी झणझणीत, की अक्काच्या डोळ्यांना धार लागली. बाहेरच्या लोकांना वाटलं असेल, वांग्यांसाठी रडते.

पुढच्या गाडीत एक शेतकरी बाबा शेजारी बसले. कुठं, कशाला, हे विचारल्याशिवाय आपल्याकडे शेजार पुरा होत नाही. मी सगळं सांगितलं. बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"आमनाकडे मानूसले माडी नही," ते म्हणाले, "आनि तठे म्हैसले शे!"

सगळी गाडी हसली. द्वारकाअक्का मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ, याला पण पटलं नाही."

धुळे

वांगी सुखरूप होती. धुळ्याच्या स्टँडवर कंट्रोलरच्या टेबलावर पिशवी बसलेली, अगदी साहेबाला भेटायला आल्यासारखी. कंट्रोलर कोकणातला असावा. म्हणाला, "बाई, वांगी कच्चीच तोडलीत. अजून जांभळी व्हायचीत." झालं! अक्कानं तिथंच त्याला भरिताचा धडा दिला. ही जन्मभर हिरवीच राहतात, ही कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडानं ठेचायची, मिरची कच्ची नको, तेलाचा हात आखडायचा नाही. जाताना दोन वांगी त्याच्या टेबलावर ठेवली. मागं दोन गाड्यांचे ड्रायव्हर सहीसाठी ताटकळत होते.

धुळं जळगावापेक्षा शिस्तीचं. गल्ल्या सरळसोट, सुतळी धरून आखल्यासारख्या, आणि त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. रिक्षावाल्यानं विचारलं, "कितवी गल्ली?" अक्का म्हणाली, "आमच्याकडे गल्लीला माणसासारखं नाव असतं. तुमच्याकडे कैद्यासारखा नंबर." तो म्हणाला, "पण अक्का, आमच्याकडे कुणी चुकत नाही." अक्कानं पिशवी रिक्षात ठेवली.

सुमननं दार उघडलं. क्षणभर तिचा चेहरा फुलला, मग तिला आपला रुसवा आठवला. "या," म्हणाली, नुसतं. पाणी दिलं, तेही जरा लांबून.

द्वारकाअक्का पाणी न पिता म्हणाली, "आधी म्हैस."

सुमननं खिडकीकडे बोट केलं. समोर शेठजींचं मोठं अंगण, पलीकडे दगडी वखार, आणि वखारीवर माडी. माडीची खिडकी रिकामी होती. अंगणात, कडुनिंबाखाली, चारी पाय जमिनीवर टेकून, एक काळीभोर म्हैस उभी होती.

"अगंबाई," अक्का म्हणाली, "हिला तर मी ओळखते. अशा नऊ आहेत आमच्या गल्लीत."

"हंगामात ती खाली उतरते," सुमन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आता कापसाच्या गाठी आल्यात ना..."

"म्हणजे मी येणार म्हणून उतरली!"

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कानं ते पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला, पण पाणीही प्यायली नाही. मला मात्र पायरी दिसायला लागली. थंडीत दगड किती गार असतो, हेच मनात.

रात्री भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली. तिघी जेवलो. म्हशीचा विषय कुणी काढला नाही. 

दुसरा दिवस

दुपारी शेठजींच्या आईचा निरोप आला. त्यांना सगळे माँजीसा म्हणायचे. माडीवर त्याच राहत. गुडघ्यांमुळं कित्येक वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. सुमनकडे जळगावच्या बायका आल्यात हे त्यांनी वरून पाहिलं होतं. वर या म्हणाल्या.

"शिडीनं?" द्वारकाअक्कानं विचारलं. नऊवारी, अंगाचा भार, आणि खाली अंगणात हमालांची वर्दळ. "मी नाही बाई."

"शिडी नको, गाठींवरून चला," सुमन म्हणाली.

अंगणात जिनिंगच्या कारखान्यातून दाबून आलेल्या कापसाच्या गाठी रचल्या होत्या. गोणपाटात आवळलेल्या, माणसाच्या कमरेइतक्या उंच, मोठमोठ्या. एकीपुढं एक, एकीवर एक, अशा रचल्या होत्या की खालून वरपर्यंत रुंद ऐसपैस पायऱ्याच झालेल्या, थेट माडीच्या दारापर्यंत. मधल्या चढाला लहान पोती टाकलेली. द्वारकाअक्का चढली, मध्येच दोनदा थांबून धुळं बघितलं, आणि वर पोचली.

माडीवर एका बाजूला माँजीसांची बाज, देव, ट्रंका. दुसऱ्या बाजूला दगडी फरशी, भिंतीत रोवलेली मेख, गव्हाण, गव्हाणीत सरकी. अक्कानं मेख हलवून पाहिली. गव्हाणीत हात घालून सरकी हुंगली. फौजदारानं पंचनामा करावा तसं चाललं होतं.

"वर कशाला ठेवता म्हैस?" तिनं विचारलं.

"खालून येणारं दूध वाटेत पाणी पितं, बाई," माँजीसा म्हणाल्या. चार पिढ्या खानदेशात काढलेलं घर, त्यांची मराठी आमच्याइतकीच. "मला माझ्या डोळ्यांसमोर काढलेलं दूध लागतं. मी खाली जाऊ शकत नाही, मग तीच वर येते. पहिल्यांदा आपली आपणच आली, गाठींवरून, सरकीच्या वासानं. नंतर गाठी विकल्या गेल्या, ट्रकनं नेल्या. ही वरच राहिली. पुढच्या हंगामापर्यंत."

मी सुमनकडे बघितलं. आखाजीला गाठी नसतात. तिनं पाहिलं तेव्हा पायऱ्या कधीच मुंबईला गेलेल्या होत्या!

अक्का अजून हटत नव्हती. तिचा एकच प्रश्न, तो तिनं माँजीसांच्या कानाशी जाऊन, अंगणातल्या पुरुषांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारला.

माँजीसा बाज हलेपर्यंत हसल्या. "त्यासाठीच तर हंगामात खाली पाठवतो तिला! रेड्याला कशाला त्रास?"

आणि तेवढ्यात गाठींवर धप, धप असा आवाज आला. दारात आधी शिंगं आली, मग कपाळ, मग अख्खी म्हैस. धारेची वेळ झाली होती. द्वारकाअक्काकडे ढुंकूनही न बघता ती आपल्या मेखेपाशी जाऊन उभी राहिली, आणि शेपटीचा एक सपकारा जाता जाता अक्काच्या पाठीत बसला.

अक्का खाली बसली.  मग म्हणाली, "सुमन, ते पाणी दे गं आता." कालचं पाणी मागत होती ती.

त्याच दुधाचा चहा झाला. द्वारकाअक्का आणि माँजीसा यांची अशी गट्टी जमली की विचारू नका. पापड मारवाड्यांचे चांगले की खानदेशी बिबडे, यावर वाद पेटला. अक्का म्हणाली, "इंदू, सुमन, जा, बिबडे तळून आणा. यांना कळू दे."

आम्ही दोघी गाठींवरून खाली उतरलो आणि सुमनच्या स्वयंपाकघरात गेलो. मी कढई ठेवली. सुमन खिडकीपाशी उभी होती. बाहेर ट्रकचा आवाज आला, माणसांचे ओरडे आले.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," सुमन म्हणाली, आणि गालात कसलंसं हसली. "तेल जरा आणखी तापू द्या, इंदूताई. घाई नाही."

तेल तापलं, बिबडे तळले, निवांत तळले, तिनं मला भांड्यांपासून गाळणीपर्यंत सगळं दाखवलं. ताट घेऊन अंगणात आलो तेव्हा पायऱ्या नव्हत्या. गाठी ट्रकवर चढल्या होत्या. वर माडीच्या दारात दोघी उभ्या होत्या, एक म्हैस आणि एक द्वारकाअक्का. दोघींच्या चेहऱ्यावरचा भाव मला तरी वेगळा वाटला नाही.

"इंदे!" वरून आवाज आला. "जिना कुणी नेला?"

"मुंबईला गेला, अक्का!"

मुनीम बिचारा हात जोडत होता. वर पाहुण्या आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिडी लावली. अक्कानं शिडी पाहिली, खाली जमलेले हमाल पाहिले, आणि लुगड्याचा काष्टा चाचपला. "या शिडीवरून मी उतरायची आणि हे सगळे खाली उभे राहून वर बघायचे? मेले तरी नाही."

"मग राहा की," आतून माँजीसा खूष होऊन म्हणाल्या. "पुढच्या हंगामापर्यंत. मला सोबत."

त्यावर अक्काचा चेहरा जो झाला, तो बघायला आमचे हे हवे होते. घोरायचेच विसरले असते.

शेवटी मुकादमानं तोड काढली. म्हशीची सरकी आणि पेंड वर ओढायला माडीच्या तुळईला मोठी कप्पी होती. त्या दोराला एक खाट चारी पायांशी बांधली आणि वर ओढली. अक्का डोळे मिटून खाटेवर मांडी घालून बसली. चार हमालांनी दोर धरला. खाट दारातून सुटली, एका बाजूला कलली, आणि अक्का जी ओरडली ती पांझरा नदीपर्यंत गेली असेल. मुकादमानं आणखी दोघांना हाक मारली. मग सहा जणांनी तिला सावकाश, गोल गोल फिरत, खाली आणली. डोक्यावर पदर, कपाळावर भलंमोठं कुंकू, दोन्ही हातांनी दोर धरलेला. गल्लीतल्या बायकांनी तर हात जोडले; कानबाई देवीच उतरतेय असं वाटलं असेल. वरून म्हैस मान काढून सगळं बघत होती.

जमिनीला पाय लागताच अक्कानं डोळे उघडले. "बिबडे गार झाले असतील," एवढंच म्हणाली.

परतीच्या वाटेवर

सुमनला आम्ही चार दिवसांसाठी जळगावला घेऊन निघालो. गाडीत अक्का आम्हा दोघींच्या मध्ये बसली. पारोळा मागं पडलं. मग म्हणाली, "म्हशीचं सांगू. खाटेचं नाही. दोघींनी शपथ घ्या."

आम्ही घेतली. न घेऊन सांगता कुणाला?

जरा वेळानं तिनं विचारलं, "सुमन, तुला खिडकीतून ट्रक दिसला नव्हता का गं?"

सुमननं बाभळींकडे बघत उत्तर दिलं, "दिसला होता."

 द्वारकाअक्का बाहेर बघत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. एरंडोलपर्यंत आम्ही तिघी हसत होतो. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला.

ओट्यावर

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर ताराबाई होती, गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी जमल्या होत्या. सुमन ओट्याखाली उभी राहिली. द्वारकाअक्कानं गळा साफ केला आणि सांगितलं. म्हैस सांगितली, गाठी सांगितल्या, हंगाम सांगितला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सुमन खरी आहे."

ताराबाईनं ज्वारीतला खडा बाजूला टाकला. "अक्का, तुमचाच नियम आहे. जिच्या घरी जेवलो तिची साक्ष द्यायची नाही. दोन दिवस तिच्या घरचं भरीत खाल्लंत, पोरीचं तोंड पडलेलं बघवलं नाही, म्हणून तिघींनी मिळून ही म्हैस वर चढवलीत. आणि काय तर म्हणे, कापसाच्या गाठींवरून! एवढं तरी नीट रचायचं."

बाकीच्या हसल्या. मी तोंड उघडलं, पण मीही तेच भरीत खाल्लेली.  सुमननं पदर खांद्यावर ओढला आणि वळली. या वेळी ती गेली असती तर परत आली नसती, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

"थांब गं," द्वारकाअक्का म्हणाली. मग ताराबाईकडे वळली. "तारा, मी आजवर माझी फजिती कुणाला सांगितल्याचं तुला आठवतं?"

"तुमची? छे! चिखलात पडलात तेव्हासुद्धा जमीन तपासत होते म्हणालात."

"मग ऐक."

आणि तिनं सांगितलं. शपथ आम्ही घेतली होती, तिनं नव्हती. जिना मुंबईला गेल्याचं सांगितलं, म्हशीशेजारी दारात उभी राहिल्याचं सांगितलं, खाट, कप्पी, डोळे मिटलेले, आरोळी, हात जोडणाऱ्या बायका, सगळं. गल्लीवर जिचा दरारा, तिनं भर दुपारी, पाच जणींसमोर. हसायचं कुणाला सुचेना. ताराबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"चार हमालांनी दोर धरून उतरवली मला," अक्कानं संपवलं आणि वाती वळायला घेतल्या. एक वात वळली. दुसरी वळता वळता थांबली. सुमननं तोंड उघडलं नव्हतं, मीही नाही.

"सहा," अक्का म्हणाली.

"काय सहा?"

"हमाल. चार सांगितले मी. चौघांना झेपेना, म्हणून आणखी दोन बोलावले. सहा होते."

ताराबाईनं तिच्याकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं, आणि आपलं सूप उचलून एका बाजूला सरकली. "बस गं पोरी," ती सुमनला म्हणाली. "म्हैस होती."